निरोपाचे जेवण फसले, नेमके कुठे चुकले?

सायंवेळ

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या विभागातील सर्वांत ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो, आणि आमच्यापैकी निम्म्या जणांना तरी या कामाची बाराखडी त्यांनीच शिकवली आहे. त्यांच्या निरोपाचे जेवण ठरवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ती मनापासून घेतली होती. नेहमीच्या जागी नेहमीचे जेवण नको, सरांच्या कायम लक्षात राहील असे काहीतरी करावे, या विचाराने मी अलीकडेच सुरू झालेले, नऊ कोर्सचा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे-छोटे पदार्थ एकामागून एक, देणारे एक रेस्टॉरंट निवडले. आम्ही अकरा जण होतो. त्यांपैकी चार जण शाकाहारी आहेत, हे मी बुकिंग करतानाच सांगितले होते आणि त्यांनी 'काहीच अडचण नाही' असे उत्तर दिले होते.

आम्ही ठरल्याप्रमाणे आठ वाजता पोचलो. पहिला घास आठ पन्नासला मिळाला आणि शेवटचा गोड पदार्थ बारा वीसला टेबलावर आला, म्हणजे दोन कोर्समध्ये सरासरी सव्वीस मिनिटे गेली. पदार्थांविषयीही सांगते, कारण माझी तक्रार केवळ उशिराची नाही. तिसऱ्या कोर्समध्ये टोमॅटोच्या रसाचे मोती होते. ते जिभेवर ठेवताच फुटतील असे आम्हाला सांगण्यात आले, पण प्रत्यक्षात ते चावावे लागले. पाचव्या कोर्सचे मशरूमचे सूप आमच्यासमोर छोट्या चंबूतून बोलमध्ये ओतले गेले, तो सोहळा दिसायला सुंदर होता, पण पहिल्याच चमच्याला सूप कोमट लागले. सहाव्या कोर्समध्ये कुरकुरीत कातडीचा मासा आणि त्यावर लिंबाचा फेस होता. मांसाहारी सात जणांच्या प्लेट आल्या आणि शाकाहारी चार जणांच्या त्यानंतर दहा मिनिटांनी आल्या. सगळ्यांच्या पुढ्यात वाढून झाल्याशिवाय सर घास घेत नाहीत, त्यामुळे ते हात मांडीवर ठेवून थांबले आणि त्यांच्याबरोबर आम्हीही थांबलो. तोवर फेस पूर्ण विरला होता, माशाभोवती त्याचे फक्त एक पांढरट कडे उरले होते आणि कातडी ओलसर झाली होती.

मला सर्वांत लागलेल्या गोष्टी वेगळ्याच आहेत. आमच्या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याने सरांसाठी दोन पानांचे मनोगत लिहून आणले होते. तो उभा राहिला की पुढचा कोर्स यायचा, आणि वाढणारी मुलगी त्या पदार्थाची दोन मिनिटे माहिती सांगायची. असे तीनदा झाल्यावर त्याने कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सरांना मधुमेह आहे. जेवण आठला आहे असे मीच कळवले असल्यामुळे त्यांनी घरून निघतानाच गोळी घेतली होती. सव्वानऊच्या सुमारास त्यांच्या कपाळावर घाम आला आणि चमचा धरलेला हात थरथरू लागला. तोपर्यंत पोटात दोन घासांपलीकडे काहीही गेलेले नव्हते. वाढणाऱ्या त्या मुलीनेच धावत जाऊन साखरेचे पाणी आणले आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांना बरे वाटले, पण ती वेळ आठवली की आजही माझ्या छातीत धस्स होते.

निघताना सगळे मला 'छान झाले' असे म्हणाले. सर म्हणाले, "खूप खर्च केलास गं." त्या वाक्यात रागाचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले. आता मला समजून घ्यायचे आहे की माझी निवडच चुकली, की त्या रेस्टॉरंटने झेपणार नाही ते काम अंगावर घेतले. मी त्यांना पत्र लिहावे का आणि लिहिले तर त्यात काय लिहावे, हेही कृपया सांगा.

भट्टीशेजारी

सायंवेळताई, मी चौदा वर्षे रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम केले. त्यातली शेवटची सहा वर्षे मी 'पास'वर उभा होतो, म्हणजे जिथून तयार प्लेट शेवटचा हात फिरवून बाहेर जाते त्या ओट्यावर. तुमचे वर्णन वाचताना मला प्रत्येक टप्प्यावर आत काय चालले असेल ते दिसत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा सरळ गणित करू. अकरा माणसे आणि नऊ कोर्स म्हणजे नव्व्याण्णव प्लेट. चार जण शाकाहारी असल्यामुळे बऱ्याच कोर्समध्ये एकाऐवजी दोन पदार्थ करावे लागणार, म्हणजे मेन्यूकार्डावर नऊ दिसले तरी किचनच्या दृष्टीने ते चौदा-पंधरा पदार्थ होतात. अशा प्रकारच्या जेवणात एका प्लेटवर सहा-सात जिन्नस मांडायचे असतात. खाली सॉस, त्यावर मुख्य तुकडा, बाजूला प्युरीचे दोन ठिपके, चिमट्याने ठेवायची चार पाने, आणि अगदी शेवटी फेस. सरावलेल्या हातालाही याला पाऊण मिनिट लागते. एकच माणूस मांडत असेल तर अकरा प्लेटना सव्वाआठ मिनिटे लागतात, म्हणजे अकरावी प्लेट तयार होते तेव्हा पहिली प्लेट आठ मिनिटे जुनी झालेली असते. तीन जण मांडत असतील तर हेच काम तीन मिनिटांत होते. एवढाच फरक आहे, पण चांगले आणि फसलेले जेवण यांच्यामधले अंतर अनेकदा एवढेच असते. तुमच्याकडे शाकाहारी प्लेट दहा मिनिटे मागे राहिल्या, यावरून मला जवळजवळ खात्री वाटते की त्या रात्री पासवर एक किंवा फार तर दोन माणसे होती आणि ती आधी एक पदार्थ संपवून मग दुसऱ्याला हात घालत होती.

माशाच्या कातडीचेही तसेच आहे. कातडी कुरकुरीत व्हायची तर तिच्यातले पाणी आधी उडून जावे लागते, कारण पाणी आहे तोवर पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग व चव यायला साधारण १४० अंश सेल्सिअस लागतात. एका पॅनमध्ये दोन-तीन तुकडे टाकले तर पॅनची धग टिकते. सात तुकडे एकदम टाकले तर पॅन थंड पडतो, माशाचे पाणी सुटते आणि तो भाजला न जाता स्वतःच्याच वाफेवर शिजतो. दोन माणसांच्या टेबलाला हाच पदार्थ त्यांनी उत्तम दिला असेल, यात मला शंका नाही. त्यांच्या कौशल्यात खोट असेलच असे नाही, पण ते कौशल्य अकरा जणांपर्यंत नेण्याची व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती.

किचनमधली कामाची वाटणी हा काही आजचा शोध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कोफिए यांनी किचनचे विभाग पाडले. सॉस एकाने करायचे, मासे दुसऱ्याने, भाज्या तिसऱ्याने, आणि सगळ्यांचे काम एकाच वेळी एका ओट्यावर येऊन जुळायचे. मोठ्या पंक्तीला पदार्थ गरम मिळू लागले ते या वाटणीमुळे. आज ज्या पद्धतीचे जेवण तुम्हाला दिले गेले तिचे मूळ ज्या ठिकाणी शोधले जाते, त्या स्पेनमधील 'एल बुली'चे उदाहरण घ्या. शेफ फेरान आद्रिया यांचे हे रेस्टॉरंट २०११ साली बंद झाले. तिथे तीसहून अधिक छोटे कोर्स दिले जायचे, पण एका रात्रीत सुमारे पन्नासच पाहुणे घेतले जायचे आणि त्यांच्यासाठी किचनमध्ये चाळीसच्या आसपास माणसे राबायची. त्या जेवणाचे फोटो जगभर पोचले. एका पाहुण्यामागे जवळजवळ एक स्वयंपाकी, हे प्रमाण मात्र फोटोत दिसत नाही, आणि नव्या रेस्टॉरंटना नेमके तेच परवडत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मुख्य चूक त्यांची आहे आणि ती जेवणाच्या रात्री झाली नसून बुकिंग घेताना झाली. आठहून अधिक माणसे असतील तर आम्ही पाच कोर्स देतो, किंवा सगळ्यांना एकच शाकाहारी मेन्यू देतो, असे त्यांनी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते. मी जिथे काम केले तिथे तसा नियम होता, आणि तो मोडून घेतलेल्या प्रत्येक बुकिंगचा आम्हाला पश्चात्ताप झाला. 'काहीच अडचण नाही' हे उत्तर ज्याने दिले, त्याने ते आत विचारून दिले नव्हते, असे मला वाटते.

सहावे पान

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या मोत्यांविषयी थोडी भर घालते, कारण त्यातही वेळेचाच प्रश्न आहे.

असे मोती करण्याची रीत अशी असते की रसात सोडियम अल्जिनेट मिसळतात. हा पदार्थ समुद्री शेवाळापासून मिळतो. मग तो रस थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या द्रावणात सोडतात. थेंब द्रावणात पडताच त्याच्या बाहेरच्या बाजूला पातळ आवरण धरते आणि आत रस द्रवरूपच राहतो. पण मोती द्रावणातून काढून धुतले तरी ही क्रिया थांबत नाही. आवरणातले कॅल्शियम हळूहळू आत झिरपत राहते, आवरण जाड होत जाते आणि काही वेळाने संपूर्ण गोळी घट्ट होते. म्हणून या पद्धतीचे मोती केल्याबरोबर वाढायचे असतात. तुम्हाला ते चावावे लागले, याचा अर्थ ते तुम्ही येण्याआधी करून ठेवले होते किंवा मांडल्यानंतर बराच वेळ ओट्यावर पडून होते. याला उलट पद्धतही आहे, तीत कॅल्शियम रसात घालतात आणि अल्जिनेट बाहेरच्या द्रावणात असते. तसे केलेले मोती धुतल्यावर आवरण आणखी आत वाढत नाही, त्यामुळे ते आतून द्रवच राहतात आणि काही वेळ आधी करून ठेवता येतात. अकरा जणांसाठी त्यांनी ही दुसरी पद्धत वापरायला हवी होती.

लिंबाच्या फेसाची गोष्ट याहून नाजूक आहे. तसा फेस बहुधा लेसिथिन हा फेस धरून ठेवणारा पदार्थ घालून हवा घुसळून करतात आणि तो काही मिनिटेच टिकतो. सूप कोमट का झाले, याचे कारण मला चंबूपेक्षा बोलमध्ये दिसते. जाड, जड आणि थंड बोलमध्ये थोडेसे सूप ओतले की बोल त्यातली उष्णता लगेच शोषून घेतो. ओतण्याचा सोहळा करायचा असेल तर बोल आधी तापवून ठेवणे ही त्यातली किमान तयारी आहे, आणि त्यासाठी विशेष खर्चही येत नाही.

उंबरठा

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, आणि ते सायंवेळ यांना दुखावण्यासाठी नाही. किचनमध्ये चाळीस माणसे असती, मोती फुटले असते आणि सूप वाफाळते आले असते, तरीही ते मनोगत वाचून झाले असते का? मला तसे वाटत नाही.

कोर्समागून कोर्स आणण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि तिला रशियन पद्धत म्हणतात. त्याआधीच्या फ्रेंच पद्धतीत पुष्कळ पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात आणि माणसे आपल्या हाताने वाढून घेत. नव्या पद्धतीमुळे पदार्थ गरम मिळू लागले, हा तिचा फार मोठा फायदा झाला. पण तिच्याबरोबर जेवणाचा वेग ठरवण्याचा अधिकार जेवणाऱ्यांच्या हातून वाढणाऱ्यांच्या हाती गेला. टेस्टिंग मेन्यूमध्ये हा अधिकार पूर्णपणे शेफकडे असतो. काय खायचे, किती खायचे, कधी खायचे आणि कोणत्या क्रमाने खायचे, हे सगळे तो ठरवतो आणि प्रत्येक पदार्थाकडे तुमचे पूर्ण लक्ष मागतो. दोन माणसे मुद्दाम ते अनुभवायला गेली असतील तर हे मागणे रास्त आहे, कारण त्यांच्या संध्याकाळचा विषयच जेवण हा असतो. तुमच्या संध्याकाळचा विषय सर होते. एकाच टेबलावर दोन समारंभ मांडले गेले, आणि दोघांनाही मध्यभागी बसायचे होते.

वाढणाऱ्या मुलीने माहिती सांगायला सुरुवात केली तेव्हा ती आपले काम करत होती. तुमच्या सहकाऱ्याने कागद काढला तेव्हा तोही आपले काम करत होता. म्हणून निवडीतली चूक तुम्ही मान्य करावी असे मला वाटते, पण ती हेतूची चूक नव्हती, प्रकार ओळखण्यातली होती. महत्त्वाकांक्षी स्वयंपाकाविषयी माझ्या मनात आदर आहे. नव्या शेफने धडपड करावी, काही फसावे, त्यातून त्याने शिकावे, हे मला मान्य आहे. मात्र दुसऱ्याचा निरोपसमारंभ ही त्या शिकण्याची जागा नव्हे.

सायंवेळ

तिघांचेही मनापासून आभार. उंबरठा, तुमचे म्हणणे वाचून वाईट वाटले, पण ते खरे आहे. बुकिंग करताना मी मेन्यू तीनदा वाचला, फोटो पाहिले, शाकाहारी किती ते कळवले, आणि मनोगत कधी वाचायचे हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. 'आमचा निरोपसमारंभ आहे' एवढेसुद्धा मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांना ते ठाऊक असते तर कदाचित त्यांनी दोन कोर्समध्ये वेळ राखला असता.

मोत्यांचे आणि माशाचे कारण कळल्यामुळे माझा राग बराच निवळला आहे. सरांना झालेल्या त्रासाबद्दल मात्र मला अजून शांत वाटत नाही. त्याबाबत कुणी सांगू शकेल का?

निळी शाई

मी परिचारिका आहे आणि मधुमेहाच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून एवढ्यापुरते लिहिते.

मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी असे होत नाही. काही गोळ्या मात्र शरीराला अधिक इन्शुलिन सोडायला लावतात, आणि अशी गोळी घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड आणि अचानक येणारा गळाठा ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. रक्तातली साखर दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल तर माणूस शुद्धीवर असताना आणि गिळू शकत असताना त्याला लगेच सुमारे १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि साखर वर आली की नेहमीचे काहीतरी खायला द्यायचे. मोजायचे यंत्र जवळ नसेल तर लक्षणे पाहूनच साखर द्यावी, थांबू नये. त्या मुलीने जे केले ते अगदी योग्य केले, आणि पत्र लिहिलेत तर त्यात तिचा उल्लेख जरूर करा.

पुढच्या वेळी सरांनी गोळी घरून निघताना न घेता जेवण समोर आल्यावर घ्यावी का, हे त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारायला हवे, कारण प्रत्येक गोळीची वेळ निराळी असते. तुमच्या हातात आहे ते एवढेच की बुकिंग करताना 'आमच्यापैकी एकाला ठरल्या वेळी खाणे आवश्यक आहे, त्यामुळे बसल्याबरोबर ब्रेड किंवा तत्सम काही हवे' असे स्पष्ट शब्दांत सांगायचे. कुणाला काय खायचे नाही हे रेस्टॉरंटवाले विचारतात, पण कुणाला कधी खायलाच हवे हे क्वचितच विचारतात. तुम्हाला जे माहीत नव्हते त्याबद्दल स्वतःला इतका दोष देऊ नका. सर बरे आहेत.

भट्टीशेजारी

पत्राविषयीचा प्रश्न राहून गेला होता. पत्र नक्की लिहा, आणि सार्वजनिक ठिकाणी काही लिहिण्यापूर्वी ते थेट मालक आणि शेफ या दोघांच्या नावे पाठवा. अशी पत्रे किचनमध्ये कशी वाचली जातात ते मी अनुभवाने सांगू शकतो. 'अत्यंत निराशाजनक', 'अपेक्षाभंग झाला' असे शब्द असलेले पत्र मालक वाचतो, माफीचे चार ओळींचे ठरावीक उत्तर पाठवतो आणि ते आत आमच्यापर्यंत पोचतच नाही. ज्या पत्रात 'आठ पन्नासला पहिला कोर्स आला, सहाव्या कोर्सच्या शाकाहारी प्लेट दहा मिनिटे मागे राहिल्या, मोती आतपर्यंत घट्ट झाले होते' असे लिहिलेले असते, ते पत्र मालक शेफपुढे ठेवतो, आणि शेफला ते टाळता येत नाही, कारण त्यातली प्रत्येक ओळ त्याला त्या रात्रीची एकेक जागा दाखवते. तुम्ही इथे जे लिहिले आहे त्यातला तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या कोर्सचा मजकूर जसाच्या तसा वापरता येईल. आधी सरांच्या प्रकृतीचा प्रसंग लिहा, मग वेळा, मग पदार्थ. आवडलेले काही असेल तर तेही लिहा. ते शिष्टाचार म्हणून नव्हे, तर काय टिकवायचे हेही त्यांना कळायला हवे म्हणून.

पैसे परत मागायचे की नाहीत ते आधीच ठरवा. मागायचे असतील तर किती आणि कशाबद्दल हे नेमके लिहा, मागायचे नसतील तर तसे लिहा. मोघम नाराजीला बहुतेक वेळा मोफत जेवणाचे कूपन मिळते आणि त्याने कुणाचेच समाधान होत नाही.

उंबरठा यांच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. १९७३ साली आंरी गो आणि क्रिस्तियां मियो या दोन फ्रेंच समीक्षकांनी नव्या स्वयंपाकाची दहा सूत्रे मांडली. प्लेटची आजची मांडणी, छोटे घास, हलके सॉस हे सगळे त्याच चळवळीतून पुढे आले आहे. त्या सूत्रांमध्ये मेन्यू आटोपशीर ठेवा हेही एक सूत्र होते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत आधी विसरले जाते ते हेच. मी स्वतः पासवर असताना शेफला दोनदा म्हटले होते की आपण दोन पदार्थ कमी करू. दोन्ही वेळा उत्तर मिळाले की मग लोक आपल्याकडे का येतील. मला अजूनही वाटते की लोक आले असते.

उंबरठा

पत्राबाबतचा हा सल्ला मला पटला. मी आधी सार्वजनिक परीक्षण लिहायला सांगणार होतो, कारण पुढच्या माणसाला सावध करणे हेही आपले कर्तव्य आहे असे मी मानतो. पण नव्या जागेला उत्तर देण्याची एक संधी आधी मिळावी, हे योग्य आहे. उत्तर आले नाही तर मात्र परीक्षण जरूर लिहा आणि त्यात मोठ्या गटांपुरतेच बोला, कारण दोन माणसांच्या टेबलाविषयी तुम्हाला काही माहिती नाही.

सायंवेळ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात आणि पुढे काय झाले ते कळवणे माझे काम आहे.

मी भट्टीशेजारी यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले, पैसे मागितले नाहीत आणि साखरेचे पाणी आणणाऱ्या मुलीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला. चौथ्या दिवशी शेफचा फोन आला. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. त्या रात्री दोन स्वयंपाकी आले नव्हते, तरी आमच्याशिवाय आणखी दोन मोठी टेबले घेतलेली होती, आणि बुकिंग घेणाऱ्या माणसाने आत विचारले नव्हते, असे त्यांनी मान्य केले. मोती सायंकाळी सहालाच करून ठेवले होते. मी उलट पद्धतीविषयी विचारले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले की ती त्यांना येते, पण तिने आवरण थोडे जाड लागते, म्हणून त्यांनी ती टाळली होती. आठहून जास्त माणसांना आता ते पाच कोर्सच देणार आहेत आणि बुकिंगच्या वेळी समारंभाचे कारण व जेवणाच्या वेळेची गरज या दोन्ही गोष्टी विचारणार आहेत. त्यांनी आम्हा सर्वांना पुन्हा मोफत जेवायला बोलावले. मी आभार मानून नाही म्हटले. सर म्हणाले की आपण दोघे-तिघे कधीतरी पैसे देऊन जाऊ आणि तो मासा नीट खाऊन पाहू. बहुधा आम्ही जाऊ.

गेल्या रविवारी आम्ही अकरा जण एका सहकाऱ्याच्या घरी जमलो. सगळे पदार्थ एकदमच टेबलाच्या मधोमध ठेवले होते, सरांनी बसल्याबरोबर वाढून घेतले आणि सर्वांचे वाढून होण्याची वाट पाहायची नाही अशी ताकीद मी त्यांना आधीच देऊन ठेवली होती. जेवण अर्ध्यावर आले असताना मनोगताचा तो कागद निघाला. घडीवर तो थोडा फाटला होता. दुसऱ्या पानावरच्या एका प्रसंगाचे साल चुकले होते. सरांनी वाचन थांबवले, खिशातून पेन काढून ते साल तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि मग पुढे वाचायला सांगितले.